बिनकाठीचं वाण

निमगाव सावात माणूस एक वेळ पोरीच्या लग्नाची तारीख पुढं ढकलील, पण टोमॅटोची बांधणी ढकलणार नाही. लागवड झाली की तिसऱ्या आठवड्यात बांबू उभे राहतात, तार ताणली जाते, सुतळीचे गुंडे सुटतात आणि एकेका झाडाला वर ओढलं जातं. पानाच्या बगलेत फुटलेला प्रत्येक कोंब नखानं खुडून टाकायचा. बगलफूट ठेवली की झाड फोफावतं आणि फळ बारीक होतं, हे इथं बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. झाडाला काय वाटतं, हे विचारायची पद्धत नाही.

अशा गावात जयवंत तात्यांनी नऊ वर्षं अंगणात बिनकाठीचा टोमॅटो लावला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नऊ वर्षं फुकटची करमणूक पुरवली.

झाड गुडघ्याएवढं. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखं गोल, फुगीर. गुडघ्याशी आलं की त्याची वाढ आपोआप थांबायची आणि मग प्रत्येक फांदीच्या टोकाला लिंबापेक्षा थोडी थोराड फळं लागायची. ना बांबू, ना तार, ना फवारा. आठवड्यातून दोनदा भांड्यांचं पाणी ओतलं की काम झालं.

तात्या एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीच्या वर्षी त्यांना हे झाड डेपोच्या कँटीनमागं, मोरीच्या चिखलात आपोआप उगवलेलं दिसलं. कुणीतरी कोशिंबिरीतली फोड फेकली असणार. डिझेलचे ओघळ, साबणाचं पाणी आणि ड्रायव्हर मंडळींच्या पिचकाऱ्या झेलून ते लालबुंद लगडलं होतं. तात्यांनी त्याची चार फळं रुमालात बांधून आणली. पुढं दरवर्षी सगळ्यांत बुटक्या झाडाचं बी धरायचं, असा त्यांनी नेम केला.

"तात्या, ह्याला एकदा युरियाची गोणी दाखवा, निस्ती लांबून," रस्त्यावरून जाणारा म्हणायचा.

"तात्या, झाड रिटायर झालंय काय?"

"मी झालोय ना, म्हणून तर आमचं जमतं," तात्या म्हणायचे. "ह्याची निगा एकच. ह्याच्या वाटेला जायचं न्हाई."

ते गेलेही तसेच. मागच्या सप्टेंबरात दुपारी जेवले, हात धुतले, खाटेवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. दवाखाना नाही, धावाधाव नाही. मरतानाही त्यांनी कुणाला स्वतःची निगा राखायला लावली नाही. पै-पाहुण्यांना मात्र ते फारसं आवडलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

त्यांची मुलगी प्रज्ञा अवसरी खुर्दला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. वय अडतीस. वाचलेलं पुष्कळ, बोलणं थोडं. ती पोचली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येक जण काही ना काही उचलत होता. चुलतभाऊ संघर्ष यात सगळ्यांच्या पुढं. हा गावातला उगवता कार्यकर्ता. फ्लेक्सवर त्याचा फोटो दर दोन महिन्यांनी थोडा थोडा मोठा होत असे. "काकी, तुमी निस्तं बसून ऱ्हावा," असं म्हणत त्यानं चार दिवसांत घर लख्ख केलं. जुन्या गोधड्या, औषधांच्या बाटल्या, पत्र्याचा एक गंजका डबा, सगळं ओढ्याकाठी नेऊन पेटवून दिलं.

त्या गंजक्या डब्यात तात्यांची पाकिटं होती. कॅलेंडरची पानं दुमडून केलेली. प्रत्येकावर वर्ष आणि त्यांच्या तिरप्या अक्षरात एखादी ओळ: 'पाऊस उशिरा. साल जाड.' 'यंदा गोड.' आत बी.

"बी व्हय?" संघर्ष म्हणाला. "ताई, बी काय, कृषी केंद्रात ढिगानं मिळतं. कंचं पायजे सांग, आत्ता आणतो."

त्या वर्षीची झाडंही उरली नव्हती. दुःखात सामील व्हायला आलेल्यांची पोरं फळं खाऊन गेली होती आणि राहिलेला पाला शेजारच्या शेळीनं संपवला होता. एकच पाकीट वाचलं होतं, ते तिच्या एका पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं. त्यात तेरा बिया.

पुढचे आठ महिने ती ग्रंथालयात बसून टोमॅटोवरचं मिळेल ते वाचत होती. खुरटी राहणारी वाणं कोणती, उंच वाढणारी कोणती, बी आंबवून कसं काढायचं, सगळं. वाचताना मध्येच काही विचारायला तोंड उघडावं आणि समोर कपाट असावं, असं व्हायचं. मग ती पान उलटायची.

जूनच्या सुरुवातीला तिनं तेरा बिया रुजत घातल्या. नऊ उगवल्या. दोन गोगलगायीनं खाल्ल्या. सात रोपं जुलैत अंगणात, तात्यांच्या जागेवर लागली. डेपोच्या मोरीतून निघून नऊ वर्षं चाललेली वाट आता सात झाडांवर येऊन थांबली होती. ही गेली की झालं.

म्हणून तिनं ग्रंथपाल जे करील ते केलं. पाटी लावली. छापील, लॅमिनेशन केलेली, बांबूच्या कामटीवर: 'कृपया झाडांना हात लावू नये. काठी, तार, छाटणी, फवारणी यांपैकी काहीही करू नये.' आईला मात्र तिनं वेगळं काही सांगितलं नाही. आई, म्हणजे द्रौपदाबाई, शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांना टोमॅटोची शास्त्रीय बाजू काय सांगणार? "आई, लक्ष ठेव," एवढं म्हणून ती बसला चढली. द्रौपदाबाईंनी मान हलवली.

पाटी वाचायला सगळ्यांत आधी गोरख आला.

गोरख म्हणजे निमगाव सावाचा नावाजलेला बागायतदार. बारा एकर टोमॅटो, दोन पिकअप, आणि आळे गावापासून नारायणगावापर्यंत शब्दाला वजन. त्याच्या वडिलांनी तात्यांच्या घरचं पाणी प्यायला तीस वर्षं लावली. गोरखनं मात्र फवारणीचा पंप बिघडला की तात्यांचं दार गाठायला कधी तीस मिनिटंही लावली नाहीत. तात्या पंप दुरुस्त करायचे, पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळं गोरखच्या छातीवर उपकाराचं ओझं होतं. उपकाराचं ओझं घेऊन फिरणाऱ्या माणसापासून सावध राहावं. ते तो कुठं उतरवील, सांगता येत नाही.

त्यानं ते त्या सात झाडांवर उतरवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती आली होती. समितीतले एक गृहस्थ 'पुस्तकांची संख्या समाधानकारक असली तरी ती वापरल्यासारखी दिसतात' अशी नोंद करत असताना प्रज्ञाचा फोन टेबलावर थरथरला. कुटुंबाच्या ग्रुपवर संघर्षनं फोटो टाकला होता. 'तात्यांच्या टोमॅटोला गोरखशेठचा आधार', आणि खाली जोडलेल्या हातांच्या तीन जोड्या.

फोटोत नवे कोरे सात बांबू होते. त्यांवर दोन पदरी तार. तारेला सुतळीनं टांगलेली सात झाडं. एकेक दांडा, टोकाला चार पानं, कुठं एखादा फुलांचा घोस. बगलेतली प्रत्येक फूट नखानं साफ केलेली. कोंबड्यांची पिसं उपटून त्यांना पायानं टांगावं, तसं ते दिसत होतं. तार ताणायला शेवटची खुंटी म्हणून तिच्या पाटीची कामटी वापरली होती. पाटी तिथंच होती. 'हात लावू नये' हे फोटोत स्वच्छ वाचता येत होतं.

"काही अडचण?" समितीतल्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही," प्रज्ञा म्हणाली.

उंच वाढणाऱ्या झाडाची बगलफूट काढली तर ते वर जातं आणि फळ देत राहतं. हे झाड वर जाणारं नव्हतंच. त्याचं फळ यायचं ते त्या बगलेतल्या फांद्यांनाच. त्या काढल्या म्हणजे मागं उरला टांगलेला दांडा. हे गोरखला कळणं शक्य नव्हतं, कारण त्याला टोमॅटोतलं सगळं कळत होतं.

शनिवारी ती घरी पोचली तेव्हा गोरख अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होता. शेजारी त्याच्या शेतातल्या टोमॅटोची पिशवी. हा माणूस रिकाम्या हातानं कधी येत नसे.

"या प्रज्ञाताई! बघा, कसं केलंय. समदी झाडं लोळत व्हती वो जमिनीवर. माझा तर जीव तुटला. तात्या गेले आन त्यांच्या झाडाला काठी द्याया कोन न्हाई, आसं लोकांनी म्हणावं? आपुन जिवंत आसताना?"

"पाटी लावली होती मी."

"वाचली की. म्हनलं ताईंना संकोच वाटला आसंल सांगायला. शहरात ऱ्हानाऱ्या मान्साला वाटतं, कशाला कुनाला तरास द्यायचा. तरास कसला! दोन गडी लावले, तासात काम खल्लास. आन बगलफूट तर राव, किती दिस काढली नव्हती? पाटीभर निघाली."

"ह्या झाडाची बगलफूट काढायची नसते, गोरखभाऊ."

गोरख प्रेमानं हसला. वर्गात पहिला येणारा मुलगा चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडं बघून हसतो, तसं.

"ताई, तुमी पुस्तकं सांभाळा. टोमॅटो आमच्यावर सोडा."

प्रज्ञानं आईकडं पाहिलं. द्रौपदाबाई गोरखची कपबशी उचलत होत्या. "आजून घ्या की अर्धा कप," त्या म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाआधी प्रज्ञानं विचारलं, "तू त्याला थांबवलं का नाहीस?"

"आला व्हता भल्या मनानं."

"म्हणून झाडं मारू द्यायची?"

"भाकरी गरम हाय तवर खा," द्रौपदाबाई म्हणाल्या.

सात झाडांना मिळून अकरा फळं धरली. त्यांतली सात अळीनं किंवा पावसानं गेली. उरली चार. बी धरायचं तर फळ झाडावर पुरं पिकू द्यायला हवं होतं. प्रज्ञानं प्रत्येक देठाला लाल दोरा बांधला आणि दर शनिवारी येऊन बघू लागली. चार फळांत बी भरपूर, चारच काय, एकही पुरलं असतं.

आणि सप्टेंबरात आलं तात्यांचं पहिलं पुण्यस्मरण.

संघर्षनं मंडप घातला. फ्लेक्सवर डाव्या कोपऱ्यात तात्या, उजव्या कोपऱ्यात माजी सभापती हौशीरामभाऊ, आणि मधल्या बऱ्याचशा जागेत 'आयोजक' संघर्ष. खाली हिरव्या अक्षरांत: 'तात्यांचा टोमॅटो, घराघरात!'

"हे काय आहे?" प्रज्ञानं विचारलं.

"संकल्प हाय, ताई. समद्या पावण्यांना बी वाटायचं. जयवंत वाण! पेपरला पण दिलंय."

"बी कुठंय?"

"ते तू बघशील की," संघर्ष म्हणाला आणि माइकवाल्याकडं गेला. डबा आपणच जाळला, हे तो प्रामाणिकपणे विसरला होता.

बुद्धवंदना झाली. मेणबत्त्या लागल्या. तात्यांच्या फोटोपुढं स्टीलच्या ताटात फुलं होती, आणि फुलांत चार टोमॅटो. लाल दोऱ्यांसकट. ते पाहताच प्रज्ञा उठली, पण तोवर तिच्या दोन्ही बाजूंना मावश्या बसल्या होत्या आणि भाषणं सुरू झाली होती. पुण्यस्मरणाच्या भाषणात मुलीनं मधून उठणं बरं दिसत नाही. फळं पुरती पिकलेली आहेत, हे तिनं लांबूनच पाहिलं. हरकत नाही. कार्यक्रम संपला की ताट उचलायचं.

पहिला वक्ता म्हणाला, तात्या म्हणजे वटवृक्ष होते. दुसरा म्हणाला, तात्या म्हणजे हिमालय. तिसऱ्यानं दोन्ही घेतले आणि वर दीपस्तंभ ठेवला. तात्यांची उंची पाच फूट दोन इंच होती आणि मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही म्हणून त्यांना वडाचा तिटकारा होता. फोटोतले तात्या मात्र सगळं ऐकून घेत होते. जिवंतपणी त्यांनी एवढा वेळ बसून ऐकलं नसतं.

गोरख बोलला थोडं, पण मनापासून. "तात्यांचं झाड खाली पडलं व्हतं. ते आमी उभं केलं. याच्यापरीस जास्त मला बोलता येत न्हाई." टाळ्या पडल्या.

मग हौशीरामभाऊ आले. दीड तास उशिरा, तीन गाड्या घेऊन. पुढं दोन लग्नं आणि एक दहावा बाकी असल्यानं ते घाईत होते. तात्यांचं नाव त्यांनी चिठ्ठीवर वाचून घेतलं. फूल वाहिलं. तेवढ्यात संघर्षनं ताटातला एक टोमॅटो उचलून त्यांच्या हातात दिला.

"भाऊ, तात्यांचं स्वतःचं वाण. चाखून बघा. फोटोला बरं पडंल."

प्रज्ञा उभी राहिली. एका मावशीला वाटलं हिला हुंदका आला. तिनं प्रज्ञाला घट्ट मिठीत घेतलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. त्या खांद्यावरून प्रज्ञानं पाहिलं. हौशीरामभाऊंनी दोरा काढून टाकला, टोमॅटो तोंडात घातला आणि कॅमेऱ्याकडं बघून चावला.

"भाऊ, हललं," फोटोवाला म्हणाला. "एक डाव परत."

हौशीरामभाऊंनी दुसरा घेतला.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "पन बारीक लई. साइज वाढवा." आणि गाडीकडं निघाले.

उरलेले दोन संघर्षनं चाकूनं चिरून पहिल्या रांगेत वाटले. प्रसाद म्हणायची त्या मंडपात पद्धत नव्हती, पण लोकांनी तळहात पुढं केले आणि खाऊन हात डोक्यावरून फिरवले, ते प्रसादाचेच. प्रज्ञानं मावशीच्या हातून सुटका करून घेतली तेव्हा ताट मोरीत गेलं होतं. ती मोरीपाशी वाकून बराच वेळ जाळीत बघत राहिली. झेंडूच्या पाकळ्या होत्या.

रात्री मंडप उतरल्यावर तिनं आईला विचारलं, "तुला काहीच वाटत नाही का गं?"

हे विचारायला नको होतं. विचारल्या क्षणी तिला कळलं. द्रौपदाबाई सतरंज्या झटकत होत्या.

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "धर त्या टोकाला."

दोघींनी सतरंजीची घडी घातली. सकाळी पहिल्या बसनं प्रज्ञा निघून गेली आणि महिनाभर आली नाही. फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवायची. टोमॅटोची पुस्तकं तिनं कपाटात परत लावली. क्रमानं.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र यावं लागलं. अंगणात बांबू तसेच उभे होते, तारेवर आईनं लुगडं वाळत घातलं होतं. सुतळीला सात वाळके दांडे लोंबत होते. प्रज्ञानं तिकडं बघायचं टाळलं.

"वड्या करूयात," आई म्हणाली. "मोरीमागनं आळूची पानं आण. पल्याडच्या अंगाची आण, ती मोठाली हायत."

मोरीचं पाणी घराच्या मागं जिरायचं. तिथं अळू माजला होता, छातीएवढा. अळवाच्या पलीकडं, कुंपणाला लागून हातभर रुंदीचा एक पट्टा होता. सकाळचं ऊन सरळ त्यावर पडत होतं. प्रज्ञा पानं बाजूला सारत पलीकडं गेली आणि थांबली.

गोल, बुटकी, फुगीर झाडं बसली होती. एक नाही, दोन नाही. तिनं मोजली. एकोणीस. काही अजून हिरवी, काही पिवळट, आणि सहा-सात झाडं अशी लाल की फांद्या मातीला टेकलेल्या. ना काठी, ना तार. साबणाचा फेस एका झाडाच्या बुडाशी फुटत होता.

विळा आणि पानं तिथंच विसरून ती आत आली.

"आई."

"सापडली व्हय?"

"ही कुठून आली?"

"गोरखनं खुडलेली बगलफूट. पाटीभर व्हती. त्यो म्हनला, काकू, उकिरड्यावर टाका. मी म्हनलं, बरं." द्रौपदाबाई बेसन कालवत होत्या. "वल्या चिखलात खवसली. पावसाचे दिस. धा-बारा दिसांत धरतात मुळं. चाळीसेक खवसली व्हती, निम्मी जगली."

बगलेतल्या फुटीला मुळं फुटतात. पुस्तकात होतं ते. प्रज्ञानं ते पान वाचलंही होतं, त्याच्या कडेला पेन्सिलीनं बारीक रेघही मारली होती. पण तिला बी हवं होतं, म्हणून तिनं पान उलटलं होतं.

"पण गोरखला आधीच अडवायचं ना."

"आडवून काय? दुसऱ्या दिशी औषधाचा पंप घिऊन आला आसता. तिसऱ्या दिशी खताची गोणी. त्येच्या छातीवर तात्यांचं वझं व्हतं, ते त्याला कुटं तरी टाकायचं व्हतं. सात झाडांवर भागलं." त्यांनी चव घेऊन मीठ टाकलं. "म्हाग न्हाई पडलं."

"मला का नाही सांगितलंस? महिनाभर मी…"

"तू संघर्षला सांगितलं आसतंस?"

"नाही."

"मंडपात चार टमाटे खाल्ल्याले बघून तुजं तोंड कसं झालं व्हतं, ठाव हाय का? समद्यांनी बघितलं. तुला ठाव आसतं तर तसं झालं नसतं, आन मंग सोध सुरू झाला आसता, आजून कुटं हायत म्हनून. फोटोवाला काय एकदाच हलतो?"

प्रज्ञा विसरलेली पानं आणायला परत मोरीमागं गेली.

त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांत बुटक्या झाडाची पिकली फळं तोडली. प्रज्ञानं फोन काढला. बी आंबवायची कृती तिनं जपून ठेवली होती. तोवर द्रौपदाबाईंनी चिनी मातीची वाटी घेऊन गर पिळायला सुरुवात केली होती, वर थोडं पाणी घातलं, फडकं बांधलं.

"तीन दिवस ठेवायचं, असं दिलंय," प्रज्ञा म्हणाली.

"थंडी पडली की चार. वर सायीवानी पापुद्रा येतो. वास सुटतो मेलेल्या उंदराचा. मंग चोळून धुयाचं. तरंगल ते टाकायचं, बुडंल ते धरायचं."

"तात्यांनी शिकवलं तुला?"

द्रौपदाबाई हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या दात दिसतील एवढ्या हसल्या.

"त्येंना वासच सोसत नव्हता. बी काढायचं म्हनलं की नाकाला रुमाल लावून वसरीवर जायाचे आन पाकिटं लिवत बसायचे. इंजनाच्या काळ्या तेलात हात घालनारा मानूस, टमाट्याला भ्यायचा."

नऊ वर्षांची नऊ पाकिटं. तिरपं अक्षर तात्यांचं. आतलं बी कुणी धरलं, ते पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. वटवृक्षवाल्यालाही ते ठाऊक नव्हतं आणि हिमालयवाल्यालाही. ग्रंथपाल मुलीलाही नव्हतं, आणि तिचं तर कामच नोंदी ठेवणं.

दुसऱ्या दिवशी गोरख फराळाला आला. सोबत नेहमीची टोमॅटोची पिशवी. बांबूंकडं बघून त्याचा चेहरा पडला. "काकू, वाळली वो समदी. करपा आला आसंल. एक फवारा घ्याया पायजे व्हता." मग वाऱ्यानं अळू हलला, आणि बागायतदाराच्या नजरेला पानांमागचं लाल दिसायचं राहिलं नाही. तो उठून बघून आला.

"आर्र! हे तर तेच वाण!"

"तेच," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तुमी बगलफूट खुडली, म्हनून वाचलं. तुमच्यामुळंच."

हे अक्षरशः खरं होतं. प्रज्ञानं करंजी तोंडात घातली आणि भिंतीकडं बघितलं.

गोरखची छाती दोन बोटं फुगली. "मी म्हनलं नव्हतं? आता आसं करा काकू, मला थोडं बी द्या. पाच गुंठे लावतो, चांगली तार-काठी करून. मंग बघा तात्यांचं नाव कुटं जातंय ते!"

"दीन की," द्रौपदाबाई म्हणाल्या. "सुकलं की धाडते."

गोरख गेला. प्रज्ञा स्वयंपाकघरात आली तर ओट्यावर फडकं बांधलेल्या दोन वाट्या होत्या.

"ही दुसरी कसली?"

"गोरखच्या पिशवीतले. मऊ झालेले दोन व्हते."

"त्याच्याच टोमॅटोचं बी तू त्यालाच देणार?"

"मंग? त्याला बांधायला आवडतं. ह्ये लई वर जातं, बांधू दे पोटभर."

आठवड्यानं बी कागदावर सुकलं. दोन्ही सारखंच दिसत होतं, फिकट, मऊ केसांचं. द्रौपदाबाईंनी बोटानं दोन ढीग वेगळे ठेवले होते आणि त्यांत गोंधळ होण्याची शक्यता नव्हती. प्रज्ञानं जुन्या कॅलेंडरचं पान फाडून पाकिटं दुमडली. पेन घेतलं. पहिल्या पाकिटावर वर्ष घातलं आणि थांबली. अक्षर तात्यांसारखं तिरपं येतंय का, ते बघायला तिनं पाकीट खिडकीकडं धरलं. येत नव्हतं. सरळ, गोल, नोंदवहीतलं अक्षर.

"ते एका दमात लिवायचे," आई म्हणाली.

"सांग ना मग."

द्रौपदाबाईंनी थोडा विचार केला.

"लिव. पाऊस बरा. दोन सभापतीनं खाल्ले. बाकी हाय."

प्रज्ञानं लिहिलं. 'हाय'चं तिनं 'आहे' केलं नाही, तसंच ठेवलं. पाकिटात बी घातलं, तोंड दुमडलं आणि आईच्या हातात दिलं. द्रौपदाबाईंनी ते पोलक्यात ठेवलं. डबा आता त्या घरात कुणी वापरणार नव्हतं.

"आन ह्ये गोरखचं," त्यांनी दुसरा ढीग पुढं सारला. "ह्याच्यावर काय लिवतीस?"

प्रज्ञा क्षणभर पेन दातांत धरून बसली. मग तिनं मोठ्या, सुवाच्य अक्षरात, पाटीवर लिहावं तसं लिहिलं:

'काठी अवश्य द्यावी.'